खांद्यातली पोकळी आणि तिसरा ‘का’

आमच्या सोसायटीच्या महिला क्रिकेट संघात मी अकरावी होते. दहा जणी हौसेने जमल्या होत्या, एक कमी पडत होती, म्हणून मला घरातून उचलून नेलं. मी नको म्हणाले असते, पण त्यासाठी दारात उभ्या असलेल्या चार काकूंशी बोलावं लागलं असतं. त्यापेक्षा क्रिकेट सोपं वाटलं.

रहाटणीत आमच्या बिल्डिंगमागे एक मोकळा प्लॉट आहे. तिथे मला पाण्याच्या टाकीजवळ उभं केलं, कारण तिकडे बॉल येत नाही. पाचव्या ओव्हरला तो आला. साधा टेनिसचा बॉल. मी उचलला, हात मागे नेला आणि जोरात फेकला. दंडात वरच्या बाजूला कट् असा आवाज झाला, वाळलेली शेवग्याची शेंग मोडावी तसा, आणि बॉल माझ्याच मागे पडला. सगळ्या हसल्या. मीही हसले. मग उजवा हात डाव्या हाताने पोटाशी धरून मी उरलेल्या दोन ओव्हर फील्डिंग केली. मॅच थांबवून एवढ्या बायकांसमोर “माझा हात मोडलाय बहुतेक” असं सांगणं मला त्या वेळी दुखण्यापेक्षा अवघड वाटत होतं. आम्ही हरलो.

तेव्हा मी एकोणीस वर्षांची होते, कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला.

एक्स-रे काढणाऱ्या माणसाने पहिल्यांदा मला “हलू नका” असं दरडावून सांगितलं. फिल्म बघून आला आणि दुसरा एक्स-रे काढताना “जरा असं ठेवशील का बाळा” म्हणाला. अनोळखी माणसं अचानक गोड बोलायला लागली की काहीतरी गडबड असते, हे मी दवाखान्यात नाही, शाळेच्या ऑफिसात शिकले होते.

हाडांचे डॉक्टर मूळचे लातूरकडचे, पन्नाशीचे, शांत. त्यांनी एक्स-रे दिव्यावर लावला. दंडाचं हाड खांद्याजवळ फुगल्यासारखं दिसत होतं आणि आत एक लांबट काळा भाग होता. त्या काळ्या भागाच्या कडेलाच हाड मोडलं होतं.

“ही सिस्ट आहे,” ते म्हणाले. “हाडात पाण्याची पोकळी झालीय. भिंत पातळ झाली, म्हणून बॉल फेकण्याएवढ्या जोरानेही मोडलं. बिनाइन आहे. घाबरू नका.”

आईबाबांनी माझ्याकडे पाहिलं. घरात इंग्रजी शाळेत गेलेली मी एकटी, त्यामुळे बँकेच्या पत्रापासून मिक्सरच्या वॉरंटीपर्यंत सगळ्याचं भाषांतर माझ्याकडे असतं. मी म्हणाले, “साधी गाठ आहे, आई. कॅन्सर नाही.”

आईने यातले दोनच शब्द ऐकले, गाठ आणि कॅन्सर. ती तिथेच रडायला लागली. डॉक्टरांनी तिला पाणी दिलं, पुन्हा सगळं समजावलं, पण घरी येईपर्यंत ती रिक्षात माझ्या मोडलेल्या हाताकडे न बघता सारखी बाहेर बघत होती.

यावर बाबांनी जो उपाय काढला तो फक्त तेच काढू शकतात. बाबा चाकणला ॲल्युमिनियमचे पार्ट ओतणाऱ्या एका कंपनीत क्वालिटीमध्ये आहेत. दुसऱ्या दिवशी शिफ्ट संपवून आले ते डब्याच्या पिशवीत ॲल्युमिनियमचा एक पांढरट तुकडा घेऊन. मधोमध कापलेला. आत वाटाण्याएवढी गुळगुळीत पोकळी.

“हे बघ,” त्यांनी तो आईसमोर जेवणाच्या टेबलावर ठेवला. “ह्याला ब्लो होल म्हणतात. ओतताना आत हवा अडकते. बाहेरून पार्ट एकदम टकाटक. आत हे. आता सांग, हा पार्ट वाईट आहे का?”

“रिजेक्ट केलाय ना तुम्ही?” आई म्हणाली.

बाबा जरा गडबडले. “हां, केला. पण काही रिपेअर होतात.”

“माझ्या पोरीचं दुखणं लाल पेटीतला, रिजेक्ट झालेला माल दाखवून समजावताय होय?”

पण ती हसली. ब्लो होल म्हणजे गाठ नाही, नुसती रिकामी जागा, हे तिला पटलं. तो तुकडा अजून आमच्या फ्रिजवर आहे, विजेच्या बिलावर ठेवलेला.

हात गळ्यात बांधून मी घरी बसले आणि भेटायला येणाऱ्यांनी कारणं सांगायला सुरुवात केली. माणूस आजारी पडलं की आमच्याकडे फळं कमी आणि कारणं जास्त येतात. शेजारच्या काकूंच्या मते फिल्टरचं पाणी. वरच्या मजल्यावरच्या काकांच्या मते मी ऊन बघत नाही. राजगुरुनगरहून आत्या आली ती किटलीभर दूध घेऊनच.

“हाडं पोकळ न्हाई व्हनार तर काय,” ती मला ग्लास देत म्हणाली. “दूध न्हाई, तूप न्हाई, दिसभर त्यो मोबाईल. आमी ह्या वयात दोन दोन हंडे डोक्यावर घिऊन चढ चढायचो. मोडलं का काय?”

“आत्या, डॉक्टर म्हणाले दुधाचा संबंध नाही.”

“डाक्टरला काय ठावं? त्यानं तुला लहानपनी बघितलंय व्हय?”

मी दूध प्यायले. वाद घालण्यापेक्षा दूध लवकर संपतं.

बाबा यात काहीच बोलत नव्हते, आणि ते मला खटकत होतं. त्यांच्या कंपनीत एक पद्धत आहे. ग्राहकाकडून पार्ट परत आला, की एका छापील कागदावर ‘का’ विचारत जायचं. पार्ट का तुटला? तिथे भोक होतं. भोक का झालं? असं पाच वेळा. पाचव्या ‘का’पाशी मूळ कारण सापडतं म्हणतात. मग त्याखाली सुधारणा काय केली ते लिहायचं आणि सही. कारणाची जागा रिकामी ठेवलेला कागद ग्राहक घेत नाही, परत पाठवतो. पंचवीस वर्षं हे करून बाबांना घरातही सवय लागली आहे. गॅस लवकर संपला तरी ते कागद काढतात.

एका संध्याकाळी त्यांच्या डब्याच्या पिशवीतून डबा काढताना मला तसाच कागद सापडला. वर पार्टच्या नावाच्या जागी काही नव्हतं. खाली त्यांच्या ठसठशीत अक्षरात:

हाड का मोडलं? बॉल फेकला.
बॉल फेकून का मोडलं? आत पोकळी होती.
पोकळी का झाली?

पुढे पेन्सिलीने काहीतरी लिहून खोडलं होतं. खोडरबराने पुसलं तरी बाबा इतकं दाबून लिहितात, की कागदावर वळ राहतो. मी तो खिडकीशी तिरका धरला. ‘काळेवाडी. स्कूटर. मी.’

मी कागद होता तसा घडी घालून ठेवला.

ही गोष्ट घरात आम्ही दोघंच जाणत होतो. मी नऊ वर्षांची असताना शाळा काळेवाडीत होती आणि बाबा शिफ्टवरून थेट मला घ्यायला येत. त्या दिवशी डबल शिफ्ट करून आले होते. मी स्कूटरवर पुढे उभी. वळणावर त्यांचा क्षणभर डोळा लागला, बारीक खडीवरून चाक घसरलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. मोडलं काही नाही. खरचटलं, काळंनिळं झालं. बाबांचा चेहरा मात्र असा झाला होता की मीच त्यांना म्हणाले, “इट्स ओके, बाबा.” मग त्यांनी मला मँगोची कुल्फी घेऊन दिली आणि म्हणाले, “आईला नको सांगायला. शाळेत खेळताना पडले म्हण.”

मी म्हणाले. पुढचं आम्हाला दोघांनाही अपेक्षित नव्हतं. आई दुसऱ्या दिवशी शाळेत गेली आणि खेळाच्या टीचरला सगळ्या मैदानासमोर बोलली. “तुमचं लक्ष असतं कुठे? लेकराचा खांदा निखळला असता!” टीचर नवीन होत्या, हातात शिट्टी धरून नुसत्या उभ्या राहिल्या. मी रांगेत होते. मी काही बोलले नाही. गप्प बसण्यात मी तेव्हापासूनच हुशार.

आता दहा वर्षांनी त्याच खांद्याखाली पोकळी निघाली होती आणि बाबांनी हिशेब जुळवून टाकला होता. ते माझ्याशी बोलायचे, गळ्यातल्या स्लिंगचे पट्टे बांधून द्यायचे, पण माझ्या हाताकडे बघताना त्यांची नजर त्या वळणावरच असायची. त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं की मला तसं वाटत नाही. पण ते विचारेनात आणि मी आपणहून सांगेना. आमच्या घरात हा स्वभाव मला कुणाकडून आला हे शोधायला पाच ‘का’ लागत नाहीत.

हाड सहा आठवड्यांत जुळलं. काही जणांची पोकळी हाड मोडल्यावर आपोआप भरून येते म्हणे. काही जणांना आतलं पाणी काढून इंजेक्शन दिलं तरी भागतं. माझ्या बाबतीत तीन महिने वाट पाहून एमआरआय काढला. पोकळी जिथल्या तिथे आणि भिंत तशीच पातळ. पुन्हा मोडायला बॉलसुद्धा लागला नसता, बसमध्ये दांडा धरला तरी पुरलं असतं. ऑपरेशन ठरलं. डॉक्टरांनी आम्हा तिघांना बोलावून कागदावर चित्र काढलं.

“हाडाला एक छोटी खिडकी पाडायची. आतलं पाणी काढायचं. पोकळीला आतून पातळ अस्तर असतं, ते नीट खरवडून काढायचं, नाहीतर परत भरतं. ते अस्तर तपासायला पाठवायचं. मग पोकळी भरायची. थोडं हिच्याच कमरेचं हाड घेऊ, आणि बाकी हे दाणे.” त्यांनी एक छोटी बाटली दाखवली. आत पांढरे कण.

“रव्यासारखे आहेत,” आई म्हणाली.

“तसेच समजा.”

“म्हणजे करंजीच की. आत पोकळ राहू नये म्हणून सारण गच्च भरायचं.”

“अगदी. मी रोज करंज्याच करतो,” डॉक्टर म्हणाले. आई इतक्या महिन्यांत पहिल्यांदा निवांत झाली.

बाबा खुर्चीच्या टोकावर बसले होते. “पण सर, हे झालं का? रूट कॉज काय?”

“नक्की कुणालाच माहीत नाही.”

“असं कसं, सर? काहीतरी असेलच ना.”

“अंदाज आहेत. वाढीच्या वयात हाडातून पाणी वाहून जायची बारीक वाट कुठे तरी तुंबते, पाणी साठतं, दाबाने आजूबाजूचं हाड झिजतं. बहुतेकांना हे पटतं. पण ती वाट मुळात का तुंबते, ते नाही सांगता येत.”

बाबांनी मान हलवली. त्यांच्या शर्टाच्या खिशात घडी घातलेला कागद होता. निम्मा वर आलेला मला दिसत होता. त्यांचा हात खिशाशी गेला, आईकडे पाहून खाली आला.

“तुला काही विचारायचंय?” डॉक्टरांनी मला विचारलं.

शाळेत “एनी डाउट्स?” म्हटल्यावर मी कधीही हात वर केलेला नाही. बारा वर्षांत एकदाही नाही. तेव्हा तोंडातून आवाज आला तो मला स्वतःलाच ओळखू आला नाही.

“सर, मी नऊ वर्षांची असताना स्कूटरवरून पडले होते. ह्याच खांद्यावर. त्याने झालं असेल का?”

बाबांचा हात पुन्हा खिशातल्या कागदाशी गेला. डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं, मग बाबांकडे, आणि त्यांच्या लक्षात आलं असावं, कारण पुढचं सगळं ते बाबांकडेच बघून बोलले.

“स्कूटरवरून पडलेल्या प्रत्येक पोराला सिस्ट झाली असती ना, तर पिंपरी-चिंचवडमध्ये मला जेवायला सुट्टी मिळाली नसती. मार लागून ही होते असं सिद्ध झालेलं नाही. जी पोरं कधी पडली नाहीत त्यांनाही होते. पडल्यामुळे सापडते, हे खरं. हिची बॉलमुळे सापडली. बरं झालं सापडली.”

“नक्की, सर?” बाबांचा आवाज बारीक झाला होता.

“कारण मला माहीत नाही म्हटलं ना. जे मलाच माहीत नाही, ते तुम्ही स्वतःच्या नावावर कशाला चढवता?”

बाबांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकाने बराच वेळ पुसला. मग आई म्हणाली, “कोणती स्कूटर?”

बाबांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

“अहो. मी विचारतेय. कोणती स्कूटर? ही शाळेत पडली होती.”

“ते,” बाबा म्हणाले.

“मी त्या बाईला मैदानात एवढं बोलले!”

“अगं, डॉक्टरांसमोर…”

“डॉक्टरांसमोर काय? दहा वर्षं? आणि तू गं, घुमी? तोंडात कुल्फी होती का?”

होती, मी मनात म्हटलं. डॉक्टर आपलं चित्र फार लक्षपूर्वक रंगवत होते.

ऑपरेशनबद्दल मला सांगण्यासारखं फार नाही, मी झोपले होते. जागी झाले तेव्हा खांदा जड आणि कंबर अशी दुखत होती की आधी वाटलं चुकून भलतीकडेच कापलं. जिथून हाड घेतलं ती जागा दोन आठवडे ठणकत राहिली. खांद्याचं ऑपरेशन झालेली मुलगी लंगडत का चालते, हे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला आईने समजावून सांगितलं, करंजीसकट. आत्या म्हणाली, “कंबरेचं काढून खांद्याला? ह्ये तर खिशातलं काढून खिशातच झालं.” आणि दुधाची किटली ठेवून गेली.

अस्तराचा रिपोर्ट आठवड्याने आला. मी पूर्ण वाचला आणि या वेळी भाषांतर करताना सावध राहिले. “आई, पाण्याची पोकळीच होती. दुसरं काही नाही.”

डॉक्टरांनी सांगून ठेवलंय की ही क्वचित परत येऊ शकते, म्हणून अधूनमधून एक्स-रे काढतो. प्रत्येक एक्स-रे घरी आला की बाबा तो खिडकीतल्या उजेडावर धरतात, डोळे बारीक करून, एकेक कोपरा. सहाव्या महिन्याच्या फिल्ममध्ये काळ्या जागी पांढरट दाट भरलं होतं. बाबांनी ती दोनदा उलटी-सुलटी करून पाहिली आणि कंपनीत म्हणतात तसं म्हणाले, “ओके मटेरियल.” डॉक्टरांनीही मला सगळं करायला मोकळीक दिली. क्रिकेटसुद्धा.

त्याच दिवशी बाबांनी तो कागद काढला. तिसऱ्या ‘का’पुढे पेनाने लिहिलं, ‘माहीत नाही.’ बराच वेळ त्याकडे बघत बसले. सवयीप्रमाणे चौथ्याकडे गेले, तिथे लिहायला काही नव्हतं. शेवटी सुधारणेच्या चौकटीपाशी आले आणि पेन थांबलं.

“तिथे मी सांगते ते लिहा,” आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “शनिवारी शाळेत जायचं. तिघांनी.”

आम्ही गेलो. इतक्या वर्षांनी मैदान लहान झालं होतं. टीचर तिथेच होत्या, केसांत थोडं पांढरं, गळ्यात शिट्टी. आईने ओळख द्यायला तोंड उघडलं, पण त्यांनीच हात वर केला.

“मला आठवतंय,” त्या म्हणाल्या. “पहिलीच नोकरी होती माझी. तुम्ही बोललात, त्यानंतर वर्षभर मी कुणाला खो-खोत जोरात पळू दिलं नाही. पोरं मला ‘स्लो-मोशन टीचर’ म्हणायची.”

आई खाली मान घालून उभी. मला तिचा तसा चेहरा माहीत नव्हता. मी शब्द जुळवत होते, तेवढ्यात बाबा पुढे झाले.

“टीचर, ती शाळेत पडलीच नव्हती. माझ्या गाडीवरून पडली. माझा डोळा लागला होता. आणि मीच तिला खोटं बोलायला सांगितलं. माझी चूक होती, सॉरी.”

एका दमात म्हणाले. आणि मग त्यांचे खांदे जरा खाली आले, जसे ते शिफ्टवरून येऊन बूट काढताना येतात.

“मी रांगेत होते, मीही बोलले नाही,” मी म्हणाले. “सॉरी, टीचर.”

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं. “तू? तू बोलतेस?”

मग सगळेच हसले, टीचर सगळ्यात मोठ्याने. त्यांनी हाताची चौकशी केली, आईने करंजी सांगितली, बाबांनी ब्लो होल. टीचरनी पायाशी पडलेला बॉल उचलून माझ्या हातात दिला. “दाखव बघू मग, भरलेला हात.”

बाबा “नको” म्हणायच्या बेतात होते, ते मला त्यांच्या ओठांवर दिसलं. त्यांनी ते गिळलं. मी हात मागे नेला आणि बॉल समोरच्या गोलपोस्टकडे फेकला. कट् झालं नाही. काहीच झालं नाही. बॉल मात्र गोलपोस्ट सोडून तिरका गेला आणि भिंतीवरून पलीकडे रस्त्यावर पडला.

“थांबा, मी आणतो,” बाबा गाडीची किल्ली काढत गेटकडे निघाले.

“अहो,” आई मागून म्हणाली. “चालत जा.”